ढगांच्या जंगलात रंगीत पक्षी टिपताना: इक्वेडोरची वारी आणि आपला घाट

लेथ_आणि_लेन्स

राम राम मंडळी. फेब्रुवारीत दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरला जाऊन आलो, तेव्हापासून बऱ्याच जणांचे निरोप आले की फोटो टाका आणि सेटिंग सांगा. फोटो टाकतोच आहे, पण नुसते आकडे देऊन ते कुणाच्या कामाला येतील असं वाटत नाही. म्हणून सविस्तर धागा काढतोय. नव्या मंडळींसाठी सांगतो, माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात जॉबवर्कचं वर्कशॉप आहे आणि चौदा वर्षं सुट्टीच्या दिवशी दाजीपूर, आंबा, गगनबावडा या पट्ट्यात कॅमेरा घेऊन फिरतोय. या एका वारीसाठी सहा वर्षं पैसे साठवले.

इक्वेडोरची राजधानी किटो २८५० मीटरवर आहे. तिथून गाडी पश्चिमेकडं वळली की अँडीज पर्वताचा उतार लागतो आणि दोन तासांत तुम्ही मिंडोला, साधारण १२५० मीटरवर पोचता. या उतरणीच्या मधल्या पट्ट्यात ढग रोज येतो आणि झाडांवरच बसतो. पाऊस पडत नसतो, तरी झाडं ठिबकत असतात. शेवाळ, ऑर्किड, अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाड, सगळी फांद्यांवर वाढलेली आणि ढगातलं पाणी गाळून घेणारी. एका फांदीवर हात टेकला तर मनगटापर्यंत शेवाळात गेला. ऑगस्टमध्ये सकाळी करूळ घाटात गाडीची काच खाली केली की जो गारवा तोंडावर येतो ना, तोच तिथं वर्षभर.

पहिल्या पहाटे बॅटरीच्या उजेडात पाऊण तास उतरलो. बघायचा होता कॉक ऑफ द रॉक. नर कबुतरापेक्षा थोडा थोराड, अंग रक्तासारखं लाल, पंख काळे-राखाडी, आणि डोक्यावरचा तुरा असा की चोच त्यात बुडून जाते. अँडीजच्या पूर्व उतारावर हाच पक्षी नारिंगीकडं झुकतो, पश्चिमेला गडद लाल. नर रोज पहाटे ठरलेल्या झाडांवर जमतात आणि माद्यांसमोर नाचतात. विषुववृत्त जवळ, त्यामुळं सूर्य वर्षभर सहाच्या सुमाराला उगवतो, पण त्या झाडीत सव्वासहालाही लेथखालच्या ट्रेमध्ये पडलेली चावी शोधावी एवढाच उजेड होता.

मी सवयीनं शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदाच्या १/८०० ला ठेवलं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, २५६०० वर गेला आणि स्क्रीनवर लाल रंगाचा नुसता चिखल. एकाही पिसाची कड दिसेना. मन बसलं अगदी. शेजारच्या वाटाड्याला इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं. त्यानं माझ्या शटरच्या चाकाकडं बोट केलं आणि तळहात जमिनीकडं दाबला. कमी कर. १/२०० झालं, १/१०० झालं, त्याचा हात खालीच. १/५० ला तो थांबला. मग पक्ष्याकडं बघत बोटांवर मोजायला लागला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. समोरचा नर ओरडत होता, वाकत होता, पंख झटकत होता आणि मग दीड-दोन सेकंद पुतळ्यासारखा थिजत होता. त्या थिजण्यात बटण दाबायचं. १/५०, लेन्सचं भोक एफ ५.६, आयएसओ १६००, कॅमेरा मोनोपॉडवर, म्हणजे एकपायी स्टँडवर. तीनशेच्या वर फोटो काढले, अकरा ठेवले. त्या अकरांत लाल म्हणजे लाल आहे.

दुसरी गोष्ट तांदायापा खोऱ्यातल्या एका बागेत शिकलो. तिथं वेल्व्हेट पर्पल कोरोनेट नावाचा हमिंगबर्ड येतो. पहिला अर्धा तास मला तो चक्क काळा दिसत होता, कोळशासारखा. फोटोतही काळा. पाण्याच्या बाटलीसाठी मी दोन पावलं डावीकडं सरकलो आणि तोच पक्षी, त्याच फांदीवर, एकदम जांभळा पेटला. छाती जांभळी, कडा निळ्या-हिरव्या. परत उजवीकडं आलो, परत काळा. झाडीत एका बाजूला उघडं आभाळ होतं आणि डावीकडं गेलो की ते बरोबर माझ्या पाठीशी येत होतं. त्यानंतर आठ दिवस मी कुठंही गेलो तरी पक्षी शोधायच्या आधी आभाळाचं भोक शोधत होतो. हा पक्षी बसला की क्षणभर पंख उभारून धरतो, खालचा तांबूस रंग दिसतो, मग मिटतो. तो क्षणही थिजण्याचाच.

मला सांगायचंय ते एवढंच, की ढगाच्या जंगलात वेग पकडायला जाऊ नका. पक्षी कधी थांबतो आणि उजेड कुठून येतो हे बघत बसा. कॅमेरा त्यानंतर. विचारा काय विचारायचं ते, रात्री वर्कशॉप बंद झाल्यावर उत्तर देतो.

कळंब्याची_सई

दादा, सकाळी वाचलं आणि डबे भरता भरता परत वाचलं. कोरोनेटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला, कारण माझ्या जास्वंदीवर येणाऱ्या जांभळ्या शिंजीराचं मी तीन वर्षं हेच रडगाणं गाते आहे. नर उन्हात काळा येतो. मला वाटायचं लेन्सच स्वस्तातली आहे म्हणून. आज ढगाळ होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीऐवजी गच्चीच्या जिन्यात जाऊन बसले, आभाळ पाठीशी घेऊन. गळ्यावरचा जांभळा आणि डोक्यावरची हिरवी झाक, दोन्ही आली. फोटो खाली जोडलाय. शिंजीर आणि हमिंगबर्ड एकाच घरातले का?

मास्तर_आजरेकर

सईताई, फोटो सुंदर आहे. घर मात्र एक नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात, भारतात एकही नाही. इक्वेडोर एवढासा देश, पण तिथं त्यांच्या सव्वाशेहून जास्त जाती आहेत. आपले शिंजीर वेगळ्या कुळातले. फुलातला मध पिऊन जगायचं म्हटल्यावर दोघांनाही बारीक वाकडी-लांब चोच आणि चमकदार अंग लाभलं, नातं नसताना.

तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावतो. पक्ष्यांचे रंग मुख्यतः दोन प्रकारे तयार होतात. एक, रंगद्रव्यानं. कॉक ऑफ द रॉकचा लाल हा फळांतून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइडचा. गाजरातला रंग तो याच कुटुंबातला. असा रंग कुठूनही बघा, लालच दिसतो. दुसरा प्रकार पिसाच्या बांधणीतून येतो. हमिंगबर्डच्या पिसात मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याच्या चपट्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या आत हवेचे बुडबुडे असतात. थालीपीठं रचून ठेवावीत तशी चळत. उजेड या थरांवरून परत फिरताना ठरावीक कोनात ठरावीक रंगच जोरात बाहेर येतो. कोन चुकला की मेलॅनिनचा काळा तेवढा उरतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तेही थरांमुळंच.

निळ्याचं तर विशेषच. पक्ष्यांच्या पिसांत निळं रंगद्रव्य म्हणून नसतंच. खंड्याचा निळा, नीलकंठाचा निळा, मोराचा निळा, सगळी बांधणीची किमया. मोराचं निळं पीस खलबत्त्यात कुटलं तर निळी पूड मिळत नाही, तपकिरी-काळी मिळते. वर्गात करून दाखवायचो, मुलं दोन दिवस तेच बोलायची.

त्यामुळं धागाकर्त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी दोन वेगळ्या रंगांसाठी आहेत असं माझं मत. लाल पक्ष्यासाठी थांबण्याची वाट बघा, जांभळ्या-निळ्यासाठी उभं राहण्याची जागा बदला.

लेथ_आणि_लेन्स

सर, हे मला तिथं जायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते. आणखी एक विचारतो. ढगाळ उजेडात जांभळा दिसला, पण भडक नाही, मऊ दिसला. उन्हाची तिरीप आली तेव्हा मात्र झगझगीत. असं का?

मास्तर_आजरेकर

ऊन एका दिशेनं येतं, म्हणून एका कोनात लखलखाट आणि बाकी सगळीकडं काळं. ढग म्हणजे आभाळभर पसरलेला दिवा. बऱ्याच कोनांतून थोडा थोडा रंग मिळतो. जोर कमी, पण पक्षी मान वळवली तरी एकदम विझत नाही. फोटोवाल्यांना हे सोयीचं असावं.

बिंदू_चौक

स्पष्ट बोलतो, राग नसावा. या हमिंगबर्डचे जे फोटो सगळीकडं फिरतात, पंख अगदी स्थिर, मागं गुळगुळीत हिरवा रंग, ते मला फोटो वाटतच नाहीत. चार फ्लॅश, मागं छापील कापड, फुलात साखरेचं पाणी. स्टुडिओत लग्नाचे फोटो काढतात त्यात आणि यात फरक काय? तुम्हीही तसले काढलेत का?

लेथ_आणि_लेन्स

राग कशाला, प्रश्न रास्त आहे. हो, एक दिवस काढले. कसे ते सगळं सांगतो, मग ठरवा.

हमिंगबर्ड सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारतो, मोठ्या जातींत कमी, छोट्यांत जास्त. १/३२०० शटरलाही पंखांची टोकं पुसट येतात. म्हणून फ्लॅश. फ्लॅश पूर्ण ताकदीनं उडवला तर लखलखाट लांबतो. १/३२ ताकदीवर ठेवला की तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो आणि पंख गोठतात. ताकद कमी म्हणून संख्या जास्त, मी चार वापरले. दोन समोरून तिरके, एक वरून मागच्या बाजूनं, एक पार्श्वभूमीवर. शटर १/२००, एफ ११, आयएसओ ४००, म्हणजे आजूबाजूचा उजेड फोटोत जवळजवळ येतच नाही.

स्टँड मी इथंच बनवले. अॅल्युमिनियमचा पाइप, टोकाला पितळी बुश आणि त्यात पाव इंची आटे, इंचाला २०. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचे आटे जगभर हेच असतात, त्यामुळं तिथल्या क्लॅम्पला पहिल्या झटक्यात बसले. पार्श्वभूमीसाठी दाजीपूरच्या झाडीचाच आउट ऑफ फोकस फोटो दोन बाय तीन फुटांच्या फ्लेक्सवर मारून नेला होता. मॅट मारून घ्या, चकचकीत फ्लेक्सवर फ्लॅशचा पांढरा डाग येतो.

फोटो चांगले आले. बूटेड रॅकेटटेलचे पायांवरचे पांढरे गोंडे आणि शेपटीच्या टोकाचे दोन चमचे एवढे स्पष्ट आले की आईनं मोठा करून भिंतीवर लावायला सांगितला. पण खरं सांगतो, त्या दिवसाची मला आठवण फक्त स्टँड हलवल्याची आहे. पक्ष्याची नाही. हे फोटो टाकताना मी खाली चार फ्लॅश, छापील पार्श्वभूमी, साखरपाणी असं लिहितो. न लिहिता जंगलातला म्हणून खपवणं मला पटत नाही.

बिंदू_चौक

खाली लिहिता हे आवडलं. माझा आक्षेप निम्मा मागं घेतो. साखरपाण्याबद्दल मात्र विचारायचं आहे. पक्ष्याला सवय लागत नाही का?

लेथ_आणि_लेन्स

तिथं एक भाग साधी साखर, चार भाग पाणी, एवढंच देतात. रंग नाही, मध तर अजिबात नाही कारण त्यात बुरशी लवकर धरते. भांडी रोज धुतात. पक्षी दोन घोट घेऊन जंगलात किडे-फुलं शोधायला जातातच, नुसत्या साखरेवर ते जगू शकत नाहीत.

आणि या सगळ्याची एक बाजू मला तिथं दिसली, ती सांगतो. मिंडोजवळ आंखेल पास नावाच्या शेतकऱ्याची जमीन आहे. त्यांच्या रानात कॉक ऑफ द रॉकच्या नाचाची जागा निघाली, बघायला लोक यायला लागले. मग त्यांनी जायंट अँटपिट्टा नावाच्या अतिशय लाजऱ्या पक्ष्याला गांडुळं टाकून टाकून ओळख करून घेतली, त्याचं नाव मारिया ठेवलं. हाक मारली की मारिया वाटेवर यायची. आज जगभरचे पक्षिवेडे त्या शेतात जातात आणि ते रान उभं आहे. गांडुळं टाकावीत की नाही यावर वाद होऊ शकतो, पण तोडीपेक्षा पक्ष्यांवर घर चालतंय हे मी डोळ्यांनी बघितलं.

चंदगडी_वारा

मस्त धागा. पावसाळा लागलाय, तिबोटी खंड्याचं घरटं कुणाला माहीत आहे का? लोकेशन मेसेज केलं तरी चालेल. सात रंग एका पक्ष्यात, इक्वेडोरला जायची गरजच काय.

मास्तर_आजरेकर

पक्षी तसाच आहे, तुमचं म्हणणं खरं. पण घरट्याचं ठिकाण कृपया इथं कुणी देऊ नये, मेसेजमध्येही नाही. तिबोटी पावसाळ्यात ओढ्याकाठच्या, रस्त्याकडेच्या मातीच्या भिंतीत बीळ करतो. पिलांना दिवसभर खेकडे, पाली, बेडूक आणून भरवायचे असतात. बिळासमोर माणसं बसली की तो तोंडात भक्ष्य धरून फांदीवर ताटकळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणंही येतं. ओढ्याकाठी लांब बसा, तो मासे-खेकड्यांसाठी येतो तेव्हा टिपा.

चंदगडी_वारा

कायद्याचं माहीत नव्हतं सर. मागच्या वर्षी एका ठिकाणी पैसे भरून आडोशात बसलो होतो, सहा जण होतो. पक्षी बराच वेळ आत गेला नव्हता, तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतंय. परत जाणार नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

सगळ्यांना नमस्कार, मी नवीन आहे. शेवटच्या वर्षाला आहे, कॅमेरा मामानं दिलेला जुना, लेन्स ५५-२५० मिलिमीटरची. इक्वेडोर, चार फ्लॅश वगैरे माझ्या आवाक्यात नाही. या लेन्सनं धुक्यात काही होऊ शकतं का, की पैसे साठवून मोठी लेन्स घ्यावी? खरं उत्तर द्या, वाईट वाटणार नाही.

लेथ_आणि_लेन्स

भावा, लेन्स राहू दे तीच. या पावसाळ्यात एकच पक्षी धर, शीळकरी कस्तूर. गगनबावड्याकडं धबधब्यांच्या आसपास, मोऱ्यांवर, दगडांवर असतो. पहाटे माणसानं शीळ घालावी तसा गातो, कितीदा तरी मी वळून बघितलंय कोण आहे म्हणून. लांबून काळा ठिक्कर. पण कपाळावर आणि खांद्यावर निळा पट्टा आहे आणि तो तिरक्या उजेडातच दिसतो. म्हणजे माझ्या कोरोनेटची गोष्ट तुला सत्तर रुपयांच्या पेट्रोलमध्ये शिकता येईल. शिवाय तो गाताना एका जागी बराच वेळ बसतो, तेव्हा १/५० चालतं.

धुक्यात कॅमेरा फसतो. सगळीकडं पांढरं दिसलं की तो फोटो अंधारा करतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण ते एक स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मागं काळी ओली कातळभिंत असेल तर उलट, थोडं कमी कर. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढ, कारण झाडीतल्या उजेडाला हिरवी झाक असते, ती नंतर काढता येते. आणि पक्षी लांब असेल तर काढूच नको. मध्ये जेवढं धुकं, तेवढा रंग धुऊन निघतो. मोठ्या लेन्सनं लांबचं धुकं कमी होत नाही. २५० ला तुला जवळ जावं लागेल, म्हणजे बसून राहावं लागेल, ते तुझ्या फायद्याचंच आहे.

लेन्स टेकवायला पिशवी लागेल. तांदूळ किंवा शाळू भरू नको, भिजला की फुगतो, दुसऱ्या दिवशी वास मारतो. शिरोली एमआयडीसीत मोल्डिंगवाल्याकडं प्लॅस्टिकचे दाणे मिळतात, ते जुन्या जीन्सच्या पायात भरून शिवून घे. माझी पिशवी नऊ वर्षं चालली आहे.

गगनबावड्याचा_पावसाळी

आमच्या गावाचं नाव निघालं म्हणून लिहितोय. कस्तूर बघायचा असंल तर सहाच्या आत या, नंतर गाड्या वाढतात आणि त्यो आत जातो. अभयारण्याच्या आत पावसाळ्यात शिरायचं न्हाई, दाजीपूरची सफारी बंद असती. रस्त्याच्या कडंनं बक्कळ मिळतंय.

दुसरं, रेनकोट घालून येऊ नगा. त्याचा चरचर आवाज पक्ष्याला लांबनं ऐकू जातो. आमच्या आज्ज्याचं घोंगडं आहे, काळं, लोकरीचं. त्याची खोळ करून डोक्यावरनं घेतली की पाणी वरनं निथळतं, आत ऊब राहती, आवाज न्हाई आणि माणूस दगडासारखा दिसतो. मी मोबाइलनंच फोटो काढतो, पण कस्तूर चार हातांवर येऊन बसलाय माझ्या. घोंगडं ज्याला पाहिजे त्यानं माझ्याकडनं न्यावं, परत आणून द्यावं.

कळंब्याची_सई

घोंगड्याची कल्पना किती छान! ओलाव्याचं पण कुणी लिहा ना. माझ्या लेन्समध्ये गेल्या पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आली. एका दुरुस्तीवाल्याकडं दिली, बुरशी गेली पण आतल्या काचेवर ओरखडा घेऊन परत आली, आणि तो आधीपासूनच होता म्हणाले. वडिलांनी दिलेली लेन्स होती, फार वाईट वाटलं.

लेथ_आणि_लेन्स

ताई, ऐकून वाईट वाटलं. पुढच्या वेळी द्यायच्या आधी बॅटरी मारून आतल्या काचांचे फोटो काढून ठेवा.

बुरशीसाठी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचं. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून घ्या, परत कामाला येतं. घाटातून आल्यावर कॅमेरा बॅगेतच बंद ठेवू नका, आधी पुसून पंख्याखाली. आणि बाहेर दमट हवा असताना गाडीत एसी लावून जाऊ नका. थंड काच बाहेर काढली की त्यावर बाष्प धरतं आणि नेमका तेव्हाच पक्षी बसलेला असतो. इक्वेडोरला मी रात्री कॅमेऱ्याची बॅग खोलीबाहेरच्या व्हरांड्यात ठेवत होतो, बाहेरच्या हवेला सरावलेली राहावी म्हणून.

बिंदू_चौक

आम्ही तिघं पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय. इक्वेडोर की कोस्टा रिका?

लेथ_आणि_लेन्स

क्वेत्झाल हा हिरव्या पाठीचा, लाल पोटाचा पक्षीच जीव की प्राण असेल तर कोस्टा रिका. सान हेरार्दो दे दोताचं खोरं, २२०० मीटरच्या आसपास. तो रानटी आव्होकाडोची फळं अख्खी गिळतो आणि बी ओकून टाकतो, त्यामुळं फळलेलं झाड सापडलं की त्याच्याखाली बसायचं. हमिंगबर्डचा वेडेपणा असेल तर इक्वेडोर. किटोजवळच्या यानाकोचाला तीन हजार मीटरच्या वर तलवारचोच्या हमिंगबर्ड बघितला, शेपूट सोडली तर अंगापेक्षा चोच लांब. त्या चोचीनं पिसं साफ करता येत नाहीत, म्हणून पायानं खाजवतो.

इक्वेडोरला जाणार असाल तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवू शकतात. चलन अमेरिकन डॉलरच आहे, २००० सालापासून.

मास्तर_आजरेकर

एक सुचवू का? अरुणाचलातलं ईगलनेस्ट अभयारण्य आधी बघा. तिथंही ढग जंगलात येऊन बसतो. रमणा अत्रेय यांनी तिथं २००६ मध्ये बुगुन लिओसिक्ला या पक्ष्याच्या नव्या जातीचं वर्णन केलं. पक्षी इतके थोडे होते, की नमुना म्हणून एकही न मारता फोटो, आवाजाच्या नोंदी आणि काही पिसांवर त्यांनी ते काम केलं. नाव दिलं तिथल्या बुगुन लोकांचं. फोटोवाल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे.

दक्षिणेत जायचं तर निलगिरी, मुन्नारकडची शोला जंगलं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या घळीतली ठेंगणी रानं. काळा-नारिंगी माशीमार तिथं हातभर अंतरावर येतो आणि दक्षिणेकडच्या पश्चिम घाटाबाहेर जगात कुठं मिळत नाही.

आणि क्वेत्झालचा चुलतभाऊ आपल्या राधानगरीत आहे, मलबारी कर्णा. दोघं ट्रोगॉन कुळातले. या कुळाच्या पायाची पहिली आणि दुसरी बोटं मागं वळलेली असतात, दुसऱ्या कुठल्या पक्ष्यांत असं नाही. स्वभावही तोच, तास तास एका फांदीवर निश्चल बसणं आणि माणूस दिसला की लाल पोट फिरवून पाठ करणं. कोस्टा रिकाचा क्वेत्झाल हिरवी पाठ करतो, आपला कर्णा तपकिरी.

ढगांच्या जंगलांची घाई करा असंही सांगतो, कारण ढगच वर सरकतोय. कोस्टा रिकाच्या मोंतेवेर्देत सोनेरी भेक १९८९ नंतर कुणाला दिसला नाही. खालच्या उंचीवरचे मोठ्या चोचीचे टूकन पक्षी वर क्वेत्झालच्या हद्दीत यायला लागल्याच्या नोंदी तिथल्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये छापल्या. झाड जागेवर राहतं, त्याचं पाणी मात्र निघून जातं.

लेथ_आणि_लेन्स

सर, कर्णा पाठ करतो तेव्हा मी आजवर उठून पलीकडं जायचो आणि तो उडायचा. इक्वेडोरला सोनेरी डोक्याच्या क्वेत्झालसमोर वाटाड्यानं मला खांद्याला धरून खाली बसवलं. चाळीस मिनिटं. मग तो आपणहून वळला. ऑक्टोबरात दाजीपूर उघडलं की कर्ण्यासमोर असाच बसणार आहे.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

दीड महिन्यानं लिहितोय, माफ करा. आधी काही दाखवण्यासारखं नव्हतं.

सात वेळा गेलो. पहिल्या तीन वेळा कस्तूर ऐकला, दिसला नाही. चौथ्या वेळी दिसला, सगळे फोटो हलले. पाचव्या वेळी पावसाळीदादांनी घोंगडं दिलं आणि मोरीच्या खालच्या अंगाला बसवलं. आभाळ पाठीशी येत नव्हतं, समोर येत होतं. परवा दादा म्हणाले ओढ्याच्या पल्याड जा. पाणी गुडघ्याएवढं होतं, कॅमेरा डोक्यावर धरून गेलो आणि दगडाला पाठ लावून बसलो. पिशवीवर लेन्स, १/४०, एफ ५.६, आयएसओ १६००, एक्स्पोजर दोन तृतीयांश वाढवलेलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी आला. समोरच्या दगडावर बसून गायला लागला. काळाच होता. मी बटण दाबलं नाही. धुकं आलं, तो दिसेनासा झाला, नुसती शीळ ऐकू येत होती. धुकं सरकलं, त्यानं मान तिरकी केली आणि कपाळावर निळी रेघ उमटली, मग खांदा. चार फोटो मिळाले. एक जोडतोय. पायाजवळचं पाणी पुसट आलंय, ते तसंच ठेवलं.

गगनबावड्याचा_पावसाळी

ह्यो आमच्या मोरीवरचाच. डाव्या पायाला जरा लंगडतोय, फोटोत पण तसाच उभा हाय बघा. घोंगडं राहू दे तुझ्याकडं, ऑक्टोबरात दाजीपूरला येशील तेव्हा आण.